बाहीला दोन चिमटे

पाहुणे पाच. उट्रेख्टचे जुळे भाऊ, एकमेकांशी न बोलणारे,
दातांची डॉक्टरीण,
फिनलंडचा निवृत्त न्यायाधीश,
आणि एक जण, जो पक्ष्यापेक्षा वहीकडेच जास्त बघतो.
मी ड्रायव्हर. माझ्या यादीत फक्त खड्डे,
मुहेझापासून अमानीपर्यंत, एकेकाला नावानिशी ओळखतो.

पहाटे साडेचारला चहाच्या मळ्यापाशी दिवे मालवले.
धुकं असं, की बॉनेटपाशीच गाडी संपते.
शेकलाघे उतरला, टोपी काढून खिशात कोंबली
आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.
त्याच्या बाहीला धरून म्वानाइदी, त्याची धाकटी.

पाहुण्यांना वाटतं, पोरगी शिकतेय.
शिकतेयच.
पण तिच्या बोटांकडे बघा कधी.
एक चिमटा म्हणजे डावीकडे,
दोन म्हणजे वर, शेंड्यात.
मनगटावर अंगठा दाबला, की: बाबा, आला तो.
मग म्हातारा सावकाश हात उचलतो,
"ऐका," म्हणतो.
सगळे ऐकतात.
तो सोडून.

मला त्याने एकदाच सांगितलं, पंक्चर काढताना,
नट माझ्या हातात देत:
"वरच्या पट्टीतलं आधी गेलं. पहिल्यांदा शिंजीर.
मग एकेक बारीक शीळ. गेल्या मसिकात शिंपीही गेला.
वरच्या मजल्यापासून घर रिकामं होतंय,
भाडेकरू न सांगता निघून चाललेत."
मी म्हटलं, झाडं काय कमी पडली का,
पक्षीच कमी झाले असतील.
तो म्हणाला, "तेच तर कळत नाही.
कोण गेलं? ते, की मी?"
चौथा नट गवतात हरवला होता.
तो शोधत बसलो दोघं.

धनेश त्याला ऐकू येतो. धनेश मलाही ऐकू येतो,
पंख म्हणजे जुना भाता.
तुराकोने लाल पंख उघडून मिटले,
डॉक्टरीणबाई "अरे देवा" म्हणाल्या आपल्या भाषेत,
हिरव्या डोक्याचा हळद्या दिसला, वहीत गेला.
न्यायाधीशाच्या विजारीत मुंग्या शिरल्या, सियाफू,
तो एका पायावर नाचला, आणि जुळे भाऊ
पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले.

पण सगळे आले होते लांबचोच्या शिंप्यासाठी.
वेलींच्या गुंत्यासमोर दोन तास.
पानांवरून पाणी टपटपत होतं. कोणी खोकलंही नाही.
मी तिकाटणं खांद्यावर घेऊन मागे उभा होतो,
तिथून मला म्वानाइदीची बोटं दिसत होती.
ती स्थिर होती. बाहीवर नुसती ठेवलेली.

आणि शेकलाघेने हात उचलला.
"ऐका."

एका भावाने मान डोलावली. मग दुसऱ्याने.
न्यायाधीशाने डोळे मिटले.
वहीवाल्याने वेळ विचारली आणि खूण केली.
म्वानाइदीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.
मी तिकाटणं उगीच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी खाली. घायपाताच्या रांगांमधून,
नाक्यावर सोललेली संत्री खात, टांग्याच्या किनाऱ्यावर.
ओहोटी. तिवरांची मुळं उघडी.
दूर चिखलावर ते खेकडेखाऊ, काळेपांढरे, तीनशे तरी,
सगळे एकाच दिशेला तोंड करून,
बंदरावरच्या कारकुनांसारखे कशाची तरी वाट बघत.
इथे कोणाला हात उचलायचा नव्हता.
म्हातारा वाळूत बसला आणि नुसता मोजत राहिला,
ओठ हलवत, वीस वीसचे गठ्ठे करून.
इतका मोकळा मी त्याला डोंगरावर पाहिला नव्हता.

मग चुकत चुकत, समुद्राकडेच बघत, त्याने विचारलं,
"काल तो होता ना गं?"
"होता, बाबा," म्वानाइदी म्हणाली. मोठ्याने. दोनदा.

मी तिला लहानपणापासून ओळखतो.
खोटं बोलताना ती डोक्यावरचा कांगा सारखा करते.
तिने केला.
पण वारा सुटला होता. किनाऱ्यावर
कालवं वेचणाऱ्या सगळ्याच बायका
आपापला कांगा सारखा करत होत्या.